पाटीवरची अक्षरं : हिंगोलीत हृदयरोगतज्ज्ञ शोधताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांच्या गावात रेंज येते-जाते, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना घातलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' जमेल तेवढे काढलेत. राहिले असतील तर सांभाळून घ्या.

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या घरातून करतो.

आमचं गाव सेनगाव तालुक्यात. मी पुण्यात कोड लिहितो, अण्णा गावाकडे शेती बघतात. मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी अण्णांच्या छातीत जळजळ सुरू झाली. चिवडा जास्त झाला असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. मग डाव्या खांद्यापासून जबड्यापर्यंत दुखायला लागलं. मी मोबाइल काढला आणि 'हार्ट स्पेशालिस्ट निअर मी' टाकलं. यादी आली. जिथं जास्त तारे होते तो दवाखाना मी निवडला. चार पूर्णांक आठ. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'हृदयरोग व मधुमेह तज्ज्ञ' लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी बीपी बघितलं, गॅसची गोळी दिली, एक सलाइन लावलं आणि घरी पाठवलं. ईसीजी काढला नाही. मीही मागितला नाही.

चार दिवसांनी रात्री एक वाजता अण्णा घामानं चिंब होऊन ओसरीत बसलेले आईला दिसले. पुढचं पुढे सांगतो.

अण्णा नांदेडला ॲडमिट होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून मी त्या पाटीचा विचार करत होतो. 'हृदयरोगतज्ज्ञ' हा शब्द नक्की कुणी, कधी, कुणाला दिला? तो पाटीवर लिहायचा अधिकार कुणाला आहे? आम्ही पाच वर्षं एपिसोड करतोय, किल्ले झाले, रेल्वे झाली, रझाकार झाले. पण आपण रोज ज्याच्या खालून जातो त्या पाटीचा इतिहास कधी वाचलाच नव्हता. म्हणून हा एपिसोड.

तर सुरुवात १८१६ साली पॅरिसमध्ये. लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावून तपासायचं अवघड वाटलं. त्यानं कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं कानाला. स्टेथोस्कोप असा जन्मला. पुढं जवळजवळ शंभर वर्षं हृदयाबद्दल जे काही कळायचं ते नाडीतून आणि या नळीतून. वेगळा 'हृदयाचा डॉक्टर' नव्हता, कारण वेगळं असं करण्यासारखं काही नव्हतं.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमध्ये आइंटहोवननं ईसीजीचं यंत्र बनवलं. ते पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचं होतं, चालवायला पाच माणसं लागायची आणि पेशंटला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागायचं. १९२४ साली त्याला नोबेल मिळालं. आज तेच काम आपल्या तालुक्याच्या ठिकाणी टेबलावरचं एक छोटं मशीन दहा मिनिटांत करतं. ही गोष्ट डोक्यात ठेवा, ती परत येणार आहे.

मला यात सगळ्यात आवडलेला माणूस मात्र वेगळाच आहे, जेम्स मॅकेंझी. आधुनिक हृदयरोगशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव येतं. आणि हा माणूस इंग्लंडमधल्या बर्नली नावाच्या गिरणगावात पाव शतकाहून जास्त काळ साधा जनरल प्रॅक्टिशनर होता. सर्दी-खोकला, बाळंतपणं, सगळं बघायचा. फक्त तो नाडीचे आलेख काढायचा आणि तेच पेशंट वर्षानुवर्षं बघत राहायचा. लंडनला गेला तो १९०७ साली, पन्नाशी ओलांडल्यावर. म्हणजे या क्षेत्राच्या सुरुवातीच्या मोठ्या माणसांत एक गावातला फॅमिली डॉक्टर होता.

आता आपल्याकडे या. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. इथं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, हे आपल्या जुन्या एपिसोडमध्ये येऊन गेलंय. त्यामुळं मोठ्या डॉक्टरकीचं गाव म्हणजे मुंबई नाही, हैदराबाद. तिथं १८४६ पासून मेडिकल स्कूल होतं आणि सुरुवातीला शिकवायचे उर्दूतून. अजूनही आपल्याकडची कितीतरी म्हातारी माणसं 'मोठा आजार' म्हटलं की पहिलं नाव हैदराबादचं घेतात, त्याचं मूळ तिथं आहे.

आणि याच हैदराबादेत हृदयावरून एक जगभर गाजलेलं भांडण झालं. ऑपरेशनच्या वेळी क्लोरोफॉर्म देताना काही पेशंट अचानक मरायचे. प्रश्न असा, की आधी हृदय थांबतं की श्वास? तिथले रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी ठासून सांगायचे की क्लोरोफॉर्म हृदयाला थेट धक्का लावत नाही, तुम्ही फक्त श्वासाकडे बघा. निजामाच्या पैशातून १८८८ आणि १८८९ मध्ये दोन कमिशनं बसली. दुसऱ्यासाठी तर लंडनच्या 'लॅन्सेट'नं लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूनं गेला. पुढं १९११ मध्ये लेव्ही नावाच्या संशोधकानं दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय थेट फडफडून थांबू शकतं. म्हणजे दोन कमिशनं, निजामाचा पैसा, लंडनचा तज्ज्ञ, एवढं सगळं असूनही उत्तर अपुरं होतं. मला हे वाचून जरा बरं वाटलं, खरं सांगतो. मी चार पूर्णांक आठ ताऱ्यांना फसलो होतो.

पाटीवर काय लिहायचं याचा कायदा कधी आला? मुंबई प्रांतात १९१२ साली मेडिकल ॲक्ट झाला आणि डॉक्टरांचं सरकारी रजिस्टर सुरू झालं. पण तो मुंबई प्रांताचा कायदा, आपण तेव्हा निजामाच्या प्रजेत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला, १९५६ ला द्वैभाषिक मुंबईत आला, १९६० ला महाराष्ट्रात. त्यानंतर १९६५ च्या कायद्यानं राज्याच्या वेगवेगळ्या भागांतले जुने कायदे एकत्र करून आजची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल उभी राहिली. तुमच्या डॉक्टरच्या लेटरहेडवर जो रजिस्ट्रेशन नंबर असतो तो तिथला.

या सगळ्या काळात मुंबईत मात्र हृदयाचं काम जोरात चाललेलं. १९२६ ला परळला केईएम उघडलं. तिथं काम केलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'ला एक पेपर दिला. विषय काय, तर सर्पगंधा. आपल्या आजीबाईच्या बटव्यातली वनस्पती. ५० ब्लड प्रेशरच्या पेशंटवर तिचा परिणाम त्यांनी नीट मोजून मांडला आणि बीपीवरच्या औषधांच्या जगात खळबळ उडाली. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. केईएमचेच डॉ. के. के. दाते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये शवासनाचा बीपीवर होणारा परिणाम मोजला. आणि केईएममध्येच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय बदलायचं ऑपरेशन केलं. दक्षिण आफ्रिकेत बर्नार्डनं पहिलं केल्याला तीन महिनेही झाले नव्हते. जगातलं सहावं. पेशंट जेमतेम तीन तास जगला.

आता यात एक गोष्ट लक्षात आली का? दाते आणि वकील औषधाचे डॉक्टर, सेन सर्जन. ही दोन वेगळी घराणी आहेत आणि मराठीत दोघांनाही आपण 'हार्टवाले' म्हणतो. गोंधळ इथंच सुरू होतो.

वकील १९३८ च्या सुमारास काम करू लागले तेव्हा भारतात हृदयरोगाची वेगळी पदवीच नव्हती. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९४८ साली स्थापन झाली. डीएम ही पदवी स्वातंत्र्यानंतर आली. आजचा हिशोब असा: आधी एमबीबीएस, मग तीन वर्षं एमडी मेडिसिन, मग आणखी तीन वर्षं डीएम कार्डिऑलॉजी. याच तोडीची नॅशनल बोर्डाची पदवी म्हणजे डीएनबी किंवा आता डीआरएनबी कार्डिऑलॉजी. हा झाला कार्डिऑलॉजिस्ट, जो अँजिओग्राफी करतो, स्टेंट टाकतो. छाती उघडून बायपास करणारा वेगळा, तो एमएस करून मग एमसीएच झालेला असतो. एमडी मेडिसिन म्हणजे फिजिशियन. त्याला हृदयाचं भरपूर कळतं, पण त्यानं डीएम केलेलं नाही. आणि नुसतं एमबीबीएस करून पुढं हृदयाचा छोटा डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट घेतलेलेही असतात. ते वाईट असतात असं मी म्हणत नाही. पाटीवर मात्र सगळ्यांचा शब्द एकच दिसतो.

कायदा याबद्दल काय म्हणतो? मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाची २००२ ची आचारसंहिता आहे. २०२३ मध्ये नवीन नियम आले आणि त्याच महिन्यात थांबवले गेले, म्हणून आजही तीच चालते. त्यात स्पष्ट लिहिलंय की त्या शाखेतली खास पात्रता नसेल तर डॉक्टरनं स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवू नये. रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर हवा. फी दर्शनी भागात लावलेली हवी. पेशंटनं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायला हवं. दुसऱ्याकडे पेशंट पाठवून कमिशन घेणं तर सरळ बंद आहे. ज्याला आपण 'कट' म्हणतो तेच. २०१७ मध्ये मुंबईत एका हार्ट हॉस्पिटलनं 'आम्ही कमिशन देत नाही' असं होर्डिंग लावलं तर डॉक्टरांच्या संघटनेनं त्यावरच आक्षेप घेतला. त्याच वर्षी राज्य सरकारनं कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही करायला घेतला. मसुदाच राहिला.

रजिस्ट्रेशन नंबरची गंमत अशी की तो नुसता शोभेचा नाही. मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव टाकलं की नोंद दिसते. वरची पदवी घेतली की ती 'ॲडिशनल क्वालिफिकेशन' म्हणून वेगळी नोंदवायची असते. म्हणजे पाटीवर डीएम आहे पण नोंदीत नाही, असं दिसलं तर एकतर नोंद राहून गेलीय नाहीतर विचारण्यासारखं काहीतरी आहे. मी हे बाकड्यावर बसून केलं. ज्यांच्याकडे अण्णांना आधी नेलं होतं त्यांची हृदयाची म्हणून कुठलीच पदवी नोंदीत नव्हती. दोन मिनिटांचं काम होतं. चार दिवस उशिरा केलं.

आता परत त्या रात्रीकडे. चुलतभावानं १०८ ला फोन लावला. ही सेवा आपल्या राज्यात जानेवारी २०१४ पासून आहे. हिंगोलीत ज्यांच्याकडे नेलं ते डीएम नव्हते. साधे एमडी फिजिशियन. त्यांनी आत घेताच आधी ईसीजी काढला. कागद हातात घेऊन भावाला म्हणाले, "तुमच्या काकांना झटका आलेला आहे. नांदेडला न्यायचंच आहे, पण आधी मी इथं इंजेक्शन देतो. सही कोण करतंय?"

हे इंजेक्शन म्हणजे रक्ताची गाठ विरघळवणारं औषध. त्याचा इतिहास ऐका, कारण माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढायची पद्धत १९५८ मध्ये अमेरिकेत सोन्स यांना जवळजवळ चुकून सापडली. त्याच नळीला फुगा लावून ब्लॉकेज उघडायचं काम ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिकमध्ये केलं. १९८६ पासून स्टेंट आले. या सगळ्याला कॅथ लॅब लागते, म्हणजे कोट्यवधीचं मशीन आणि रात्री-बेरात्री येणारी टीम. ती मोठ्या शहरात असते. पण १९८८ मध्ये 'आयसिस-२' नावाची एक प्रचंड चाचणी छापून आली. १७,१८७ पेशंट, ४१७ हॉस्पिटलं. काहीच न दिलेल्या गटात पाच आठवड्यांत शंभरातले साधारण १३ दगावले. साधी ॲस्पिरिन आणि गाठ विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही दिलेल्यांत ८. आणि यासाठी कॅथ लॅब नको. ईसीजी वाचता येणारा डॉक्टर, औषध आणि वेळ. जितकं लवकर तितका फायदा जास्त. बारा तासांनंतर फारसा उपयोग नाही.

जगभरचे नियम आज काय सांगतात? ईसीजीत झटका दिसल्यापासून साधारण दोन तासांच्या आत कॅथ लॅबमध्ये फुगा फुगवता येणार असेल तर थेट तिकडे न्या. नसेल तर आहे तिथं इंजेक्शन द्या, मग न्या. आता नकाशा बघा. हिंगोलीहून नांदेड रस्त्यानं दीड-दोन तास. सेनगावकडून निघालात तर आणखी जास्त. वसमतवाल्यांचं गणित वेगळं, त्यांना नांदेड हाकेवर आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात 'चांगला हार्टचा डॉक्टर कोण' या प्रश्नाची रात्री एक वाजताची उत्तरं तालुक्यागणिक बदलतात. दिवसाढवळ्या पंधरा दिवसांनी दाखवायला जायचं असेल तर डीएम शोधा. रात्रीसाठी, तुमच्या गावापासून सगळ्यात जवळ असा कुठला दवाखाना आहे जिथं चोवीस तास ईसीजी निघतो, तो वाचला जातो आणि ते इंजेक्शन फ्रिजमध्ये असतं, हे आजच माहीत करून घ्या. मॅकेंझीची आठवण मला त्या रात्रीनंतर आली ती यामुळं.

आता 'व्हिजिटिंग'चं. आपल्याकडे दर रविवारी किंवा महिन्यातून दोनदा नांदेड, छत्रपती संभाजीनगर, क्वचित हैदराबादहून कार्डिऑलॉजिस्ट येतात. स्थानिक हॉस्पिटलात सकाळी बसतात, सत्तर-ऐंशी नंबर लागतात. सोय मोठी आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण नंबर लावतानाच कंपाउंडरला काही गोष्टी विचारायला लाजू नका. साहेब गेल्यावर मधल्या दिवसांत फाइल कोण बघतं? इको साहेब स्वतः करतात की दुसरं कुणी? अँजिओग्राफी सांगितली तर ती कुठल्या हॉस्पिटलात होते? रिपोर्ट दाखवायला परत फी लागते का, किती दिवसांपर्यंत नाही लागत? आणि ते हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत आहे का, असेल तर हृदयाच्या उपचारांसाठीच आहे ना? कारण हॉस्पिटल योजनेत असतं, पण प्रत्येक विभाग असतोच असं नाही.

या योजनेचाही एक इतिहास आहे, आणि त्यात आपलं एक जुनं दुखणं. १९९७ पासून दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी जीवनदायी योजना होती. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात नांदेड होतं. हिंगोली नव्हतं. आपल्याकडे ती आली २१ नोव्हेंबर २०१३ ला, राज्यभर पसरली तेव्हा. त्या सोळा-सतरा महिन्यांत कयाधूच्या या बाजूच्या माणसानं नांदेडला त्याच वॉर्डात, त्याच आजारासाठी शेजारच्या खाटेवरच्या माणसापेक्षा वेगळं बिल भरलं असणार. २०१७ मध्ये योजनेचं नाव महात्मा जोतिबा फुले झालं. आता ती सगळ्यांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्रानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट आधी लाखाच्या पुढे लावला जायचा, तो २९,६०० वर आला. साधा धातूचा ७,२६०. नंतर हे आकडे बदलत गेलेत, पण बिलात स्टेंटची किंमत आणि कंपनी वेगळी दाखवायलाच हवी. पाकिटावरचा स्टिकर फाइलला लावून घ्या.

जिल्हा झाला १ मे १९९९ ला, परभणीतून. नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेज १९८८ पासून आहे, औरंगाबादला १९५६ पासून. आपलं २०२४ मध्ये आलं, ऑक्टोबरमध्ये एकाच दिवशी दहा कॉलेजांचं उद्घाटन झालं त्यात. आनंद आहे. पण एमबीबीएसचं कॉलेज सुरू झालं म्हणजे कॅथ लॅब आली, असं होत नाही. ती वेगळी मागावी लागेल. मागायला पाहिजे.

अण्णा घरी आहेत. हृदयाचं पंपिंग पूर्वी होतं तितकं राहिलेलं नाही, इको रिपोर्टवर ४० टक्के लिहिलंय. फिजिशियननं नांदेडला पाठवताना ईसीजीच्या कागदाचा फोटो काढून भावाच्या व्हॉट्सॲपवर टाकला होता आणि कितीला इंजेक्शन दिलं ती वेळ कागदावर पेनानं लिहिली होती. २ वाजून १० मिनिटं. मूळ कागद आता जवळजवळ पांढरा पडलाय, तो थर्मल पेपर असतो, सहा महिन्यांत उडतो. फोटो आहे म्हणून बरं. नांदेडच्या डॉक्टरांनी दर वेळी तोच मागितला.

मागच्या रविवारी व्हिजिटिंगला गेलो होतो. आमचा नंबर ४३. अण्णा बाहेर बसून पाटी वाचत होते, शेवटी मला म्हणाले, "याच्यात तर डीएम लिवलंय बघ. तू त्या मोबाइलमध्ये बघितलंस का?"

बघितलं होतं. नोंद होती.

पुढच्या एपिसोडमध्ये पूर्णा-अकोला मीटरगेजवर बोलू, ती २००८ ला ब्रॉडगेज झाली त्याआधीच्या गाडीच्या तुमच्या घरातल्या आठवणी व्हॉइस नोटवर पाठवा. दोन मिनिटांच्या आत, प्लीज. मागच्या वेळी एका काकांनी अठरा मिनिटांची पाठवली होती. भारी होती, पण अठरा मिनिटांची.